जुन्या जीपचे पाटे आणि गाडीची उंची

वेरूळ, खुलताबाद व कन्नड या बाजूस ज्या कास्तकारांच्या जमिनी डोंगराच्या पायथ्याशी किंवा ओढ्यापलीकडे आहेत, त्यांपैकी पुष्कळांच्या दारी अद्यापि जुनी जीप किंवा जिप्सी उभी असलेली दिसते. आल्याचे बेणे, खताची पोती, पाण्याच्या मोटारीचे सामान आणि प्रसंगी घरची माणसे, असा सर्व भार ही गाडी वाहते. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी पाणंदीत खोल चाकोऱ्या पडतात, मध्ये वरंबा उभा राहतो, आणि जीपचे पोट त्या वरंब्यावर टेकते. मग मालकाच्या मनात येते की गाडी चार-सहा इंच उंच करून घ्यावी. शहरात असे काम करून देणारे कारागीर आहेत, तयार सामानही मिळते, आणि उंच केलेली गाडी दिसावयासही रुबाबदार दिसते. तथापि किती उंच करावी, कोणत्या रीतीने करावी, आणि मुळात करावी की नाही, या तीन प्रश्नांचा विचार पैसे मोजण्यापूर्वी झाला पाहिजे. तोच या लेखाचा विषय आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: गाडीची गेलेली उंची प्रथम परत मिळवावी; नवी उंची त्यानंतर, गरज मोजून, आणि शक्य तितकी थोडी घ्यावी.

या गाड्या कोणत्या

जीप ही मूळची युद्धकाळातील गाडी. अमेरिकेत विलिस कंपनीने ती १९४१ पासून मोठ्या संख्येने तयार केली. आपल्याकडे महिंद्र बंधूंनी १९४५ साली स्थापिलेल्या कंपनीने १९४७ पासून मुंबईत तिची जुळणी आरंभिली. पुढे उंच तोंडाची सीजे-३बी, नंतर डिझेल एंजिनाची एमएम-५४० असे नमुने निघाले. १९८५ साली मारुतीची जिप्सी आली. या सर्व गाड्यांचे एक लक्षण समान आहे: पुढचा व मागचा आस अखंड असून तो लोखंडी पट्ट्यांच्या कमानींवर, म्हणजे ज्यांस कारागीर पाटे म्हणतात त्यांवर, बांधलेला असतो. २०१० साली निघालेल्या थार गाडीत मागे पाटे असले तरी पुढची रचना निराळी आहे, आणि २०२० पासूनच्या थारमध्ये पाटे मुळीच नाहीत. सबब पुढील विवेचन केवळ चारही बाजूंस पाटे असलेल्या जुन्या गाड्यांस लागू आहे असे वाचकांनी समजावे.

उंची दोन प्रकारची

गाडीच्या उंचीविषयी जो घोटाळा होतो तो मुख्यतः एकाच कारणाने: उंची दोन प्रकारची आहे हे ध्यानात घेतले जात नाही. एक उंची आसाची, दुसरी सांगाड्याची.

आपल्या बैलगाडीचे उदाहरण घ्यावे. जुन्या लाकडी गाडीस पाटे नसतात, तरी ती दगडगोट्यांचा ओढा सहज पार करते. याचे कारण तिचे चाक मोठे असते, आणि चाक मोठे म्हणून आख उंच असतो. आख जमिनीपासून चाकाच्या व्यासाच्या बरोबर निम्म्या उंचीवर असावयाचा. साटी कितीही वर बांधली तरी आख तसूभरही वर जात नाही.

जीपचेही तसेच आहे. आसाच्या अंगी जो लोखंडी गोळा दिसतो तो डिफरन्शियल. युद्धकाळातील विलिस जीपमध्ये या गोळ्याखाली सुमारे पावणेनऊ इंच मोकळी जागा असे. आता कोणी पाटे बदलून गाडी सहा इंच वर उचलली, तर सांगाडा, एंजिन, टाकी, बैठका हे सर्व सहा इंच वर जाईल. पण गोळ्याखालची जागा होती तेवढीच राहील. तो गोळा वर नेण्याचा उपाय एकच, तो म्हणजे मोठा टायर. आणि त्यातही व्यास दोन इंच वाढला तर आस एकच इंच वर जातो, कारण वाढीचा अर्धा भाग आसाच्या वर राहतो.

टायरवरील आकडे वाचता आले तर हा हिशेब घरी करता येतो. २०५/७० आर १५ याचा अर्थ असा: टायरची रुंदी २०५ मिलिमीटर, त्याच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ७० आणि आतील लोखंडी चाक १५ इंची. भिंत १४३.५ मिलिमीटर, दोन्ही बाजूंच्या भिंती मिळून २८७, चाक ३८१, एकूण व्यास ६६८ मिलिमीटर. त्याऐवजी २१५/७५ आर १५ घातला तर व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर होतो. फरक ३६ मिलिमीटर. म्हणजे आस वर गेला तो केवळ १८ मिलिमीटर, पाऊण इंचाहूनही थोडा कमी. एवढ्या लाभासाठी गाडीची ओढ थोडी घटते, ब्रेकवर ताण वाढतो आणि वेगदर्शक काटा खऱ्या वेगापेक्षा शेकडा पाच कमी दाखवू लागतो. हे सर्व जमेस धरून मगच टायर घ्यावा.

प्रथम ओरखडे पाहावेत

म्हणून कारागिराकडे जाण्यापूर्वी गाडी सपाट जागी उभी करावी आणि स्वतः खाली वाकून तिचे पोट पाहावे. ज्या वाटेने रोज जाणे-येणे आहे तिचे ताजे ओरखडे तेथे लिहिलेले असतात.

ओरखडे जर डिफरन्शियलच्या गोळ्यावर असतील, तर पाटे उंच करून काडीचाही उपयोग नाही. टायरचा विचार करावा, किंवा एका बाजूचे चाक वरंब्यावर चढवून गोळा चाकोरीच्या पोकळीवरून नेण्याची सवय चालकाने लावून घ्यावी.

ओरखडे आसाखालील पाट्यांच्या पट्टीवर व यू-बोल्टच्या टोकांवर असतील, तर ध्यानात घ्यावे की या जुन्या गाड्यांत पाटे बहुधा आसाच्या खालून जातात, त्यामुळे ही टोके आसाच्या नळीपेक्षा खाली लोंबतात. तेथे योग्य लांबीचे यू-बोल्ट घातल्याने थोडी जागा मोकळी होते.

ओरखडे सायलेन्सर, इंधनाची टाकी, सांगाड्याचे मधले आडवे दांडे किंवा मागचा आकडा यांवर असतील, किंवा ओढ्याच्या काठावर चढताना पुढचा बंपर मातीत रुतत असेल, तरच पाट्यांच्या उंचीचा प्रश्न खरोखर उद्भवतो.

गेलेली उंची परत मिळविणे

वीस-तीस वर्षे भार वाहिलेले पाटे बसके होतात. मूळची कमान सपाट होते, कधी उलटही वाकते. मालकास वाटते गाडी मुळात ठेंगणी आहे. वस्तुतः ती खचलेली असते. यासाठी चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. एकदा रिकाम्या गाडीचे, एकदा नेहमीचा भार घालून. डावी-उजवी बाजू एकसारखी नसेल, किंवा भार घालताच आस रबरी आघातरोधकास टेकत असेल, तर पाटे कामातून गेले असे समजावे. त्याच वेळी पाट्यांच्या टोकांतील बुश, मधला बोल्ट व एखादी तुटलेली पट्टी हेही पाहावे.

येथे पुष्कळ लोक जुने पाटे ठोकून घेण्याचा स्वस्त मार्ग धरतात. थंड ठोकून दिलेली कमान फार दिवस टिकत नाही. भट्टीत तापवून कमान दिली तर पोलादाला मूळचे जे पाणी दिलेले असते ते उतरते. ते पुन्हा नीट दिले नाही, तर पाटा मऊ पडून बसतो किंवा ठिसूळ होऊन भर रस्त्यात तुटतो. विळ्याच्या किंवा कुऱ्हाडीच्या धारेचे पाणी उतरले म्हणजे काय होते हे कास्तकारास सांगावयास नको. ज्या कारखान्यात तापविणे, विझविणे व पुन्हा मंद आचेवर तावणे या तिन्ही क्रिया रीतसर होतात तेथेच हे काम द्यावे. नाहीतर मूळ मापाचे नवे पाटे घालावेत. नवे पाटे, नवे बुश व नवे शॉक ॲब्सॉर्बर एवढ्याने खचलेली गाडी आपल्या मूळ उंचीवर येते. हरवलेले इंच असे परत मिळाले म्हणजे बहुतेकांचे काम येथेच संपते.

नवी उंची देण्याच्या रीती

याउपरही गरज उरली तर पुढील रीती प्रचारात आहेत. प्रत्येकीचे गुणदोष येणेप्रमाणे:

(१) अधिक कमानीचे नवे पाटे. ही सर्वांत सरळ रीत. दीड ते दोन इंच उंची देणारा, पण पट्ट्या पातळ व लवचिक असलेला जुडगा निवडावा.

(२) जुन्या जुडग्यात जादा पट्टी घालणे. भार नेहमीचा व जड असेल तर हे युक्त आहे. परंतु गाडी बहुधा रिकामी फिरत असेल तर पाटा ताठ होतो, खडबडीत जागी चाक खाली उतरत नाही, ते हवेत लटकते. साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा की लटकलेले चाक गरगर फिरते व जमिनीवरचे चाक स्वस्थ उभे राहते. म्हणजे उंची मिळाली, पण गाडी पूर्वीपेक्षा लवकर अडकू लागली.

(३) लांब शॅकल. पाट्याच्या एका टोकास जी झुलती कडी असते ती शॅकल. ती दोन इंच लांब केली तर गाडी सुमारे एकच इंच उचलते, कारण दुसरे टोक स्थिर असते. पुढच्या पाट्याची शॅकल पुढील टोकास असेल, तर ती लांब केल्याने आस फिरतो आणि चाकाच्या खुंट्याचा मागे झुकलेला कल कमी होतो. मग वळणानंतर सुकाणू आपोआप सरळ येत नाही व वेगात गाडी भटकू लागते. हा दोष पाट्याखाली योग्य कोनाची पोलादी पाचर घालून सुधारावा लागतो. फार लांब शॅकल गाडीला आडवी डुलवितात, ते निराळेच.

(४) आस व पाटे यांमध्ये ठोकळा घालणे. ज्या गाड्यांत पाटे आसाच्या वर असतात त्यांच्या मागच्या बाजूसच ही रीत चालते. पाटे आसाखाली असतील तर ठोकळ्याने गाडी वर जाण्याऐवजी खाली येईल. पुढच्या आसावर ठोकळा कदापि घालू नये, कारण ब्रेक दाबताच आस पिळला जातो. आणि ठोकळ्यावर ठोकळा तर कोठेच रचू नये.

(५) आसाखालचे पाटे काढून आसावर बांधणे. यात गाडी एकदम पाच इंचांच्या आसपास उंच होते. परंतु आसावर नव्या बैठका वितळजोडाने बसवाव्या लागतात, सुकाणूच्या दांड्यांची रचना बदलावी लागते, आणि ओढीच्या वेळी पाटे पिळून लाटेसारखे वाकू लागतात. हौशी लोकांच्या शर्यतीस हे ठीक असेल; माणसे व माल वाहणाऱ्या शेतकऱ्याच्या गाडीस आम्ही याची शिफारस करीत नाही.

वेरूळचे कैलास लेणे कळसाकडून पायथ्याकडे कोरीत आणले गेले. गाडीचे काम मात्र उलट, जमिनीपासून वर गेले पाहिजे: आधी टायर, मग पाटे, मग सांगाडा.

उंचीची किंमत

उंचीची किंमत केवळ रुपयांत मोजावयाची नसते. गाडीच्या दोन्ही बाजूंच्या चाकांतील अंतर तेच राहते आणि भाराचा मध्य वर जातो, हीच खरी भीतीची गोष्ट आहे. समजा चाकांतील अंतर ४८ इंच आहे व भारमध्य जमिनीपासून २४ इंचांवर आहे. अशी गाडी आडव्या उतारावर हिशेबाने ४५ अंशांपर्यंत तग धरील. भारमध्य दोन इंच वर गेला तर हा कोन सुमारे साडेबेचाळीस अंश होतो. चार इंच वर गेला तर सुमारे साडेचाळीस. प्रत्यक्षात पाटे व टायर एका बाजूस दबतात, म्हणून गाडी याहून पुष्कळ आधी कलंडते. त्यात मागे पोत्यांवर माणसे बसली की भारमध्य आणखी वर चढतो.

वेरूळहून खुलताबादेस चढणारा घाट किंवा म्हैसमाळची वळणे ज्यांनी भरल्या गाडीने उतरली आहेत त्यांना या दोन-चार अंशांचे मोल समजेल. पाणंदीत गाडी अडकली तर बैलजोडी किंवा ट्रॅक्टर लावून ती निघते. वळणावर कलंडलेल्या गाडीतील माणसे तशी परत मिळत नाहीत. म्हणून ज्या गाडीत घरची मुले-माणसे बसतात तिला दोन इंचांहून अधिक उंची देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाट्यांबरोबर काय काय बदलते

पाटे वर गेले की त्यांच्याशी जोडलेल्या पुष्कळ गोष्टी ताणल्या जातात. काम करवून घेताना मालकाने स्वतः उभे राहून पुढील गोष्टी पाहाव्यात.

ब्रेकची रबरी नळी: सांगाडा उचलून चाके पूर्ण खाली लोंबू द्यावीत आणि सुकाणू दोन्ही बाजूंस शेवटपर्यंत फिरवावे. नळी ताणली जात असेल तर ती लांब घातल्याशिवाय गाडी हलवू नये.

शॉक ॲब्सॉर्बर: चाक पूर्ण खाली असता तो ओढला जाऊ नये व पूर्ण वर असता ठोकला जाऊ नये. दोन्ही स्थितींची लांबी मोजूनच नवा घ्यावा.

प्रोपेलर शाफ्ट: त्याचा कोन तीव्र होतो, सरकता सांधा बाहेर ओढला जातो, आणि क्रॉस लवकर झिजतात. गाडी चालताना नवा थरथराट जाणवल्यास तो येथलाच बहुधा समजावा.

सुकाणूचा दांडा: तो फार तिरका झाला तर खड्ड्यात चाक वर-खाली होताच सुकाणू आपोआप वळू पाहते.

यू-बोल्ट: जुने पुन्हा वापरू नयेत. नवे ठरलेल्या ताणाने आवळावेत आणि पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

पुढचे दिवे: गाडी वर गेली की उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. तो पुन्हा खाली वळवून घ्यावा.

कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वये, नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाने मुळात ठरविलेल्या तपशिलाहून भिन्न होतील असा बदल मालकास करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ ठामपणे सांगितला. मूळ मापाचे पाटे नवे घालणे ही दुरुस्ती होय. उंची वाढविणे हा बदल होय. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते व पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नवी करावी लागते. जुन्या गाडीच्या मालकास ही वेळ वारंवार येते. म्हणून काही बदल करावयाचा असल्यास आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयास व विमा कंपनीस लेखी विचारावे, आणि लेखी उत्तर हाती आल्यावरच कारागिरास इसार द्यावा.

उंचीवाचून होणारे उपाय

काळ्या जमिनीच्या चिखलात गाडी अडकते ती दर वेळी ठेंगणी म्हणून नव्हे. टायरच्या खाचा चिखलाने भरून तो गुळगुळीत होतो म्हणून. तेथे खोल व विरळ खाचांचे टायर सहा इंच उंचीपेक्षा अधिक कामाचे. चिखलात शिरण्यापूर्वी हवा थोडी कमी केल्यास टायर पसरून पकड वाढते, मात्र डांबरी रस्त्यावर येताच ती पुन्हा भरलीच पाहिजे. खालच्या गिअरचा दांडा चिखलात रुतल्यावर नव्हे, रुतण्यापूर्वी टाकावा. आणि वरंबा जर दर वर्षी त्याच जागी गाडीला अडवीत असेल, तर चार शेजाऱ्यांनी मिळून तेथे मुरूम टाकावा आणि बाजूने चर काढून पाणी वाहते करावे. एका गाडीच्या नव्या पाट्यांत एकट्याची सोय होते. मुरमाच्या खेपांत साऱ्या शिवाराची होते.

निवडीचा क्रम

वरील सर्व विवेचनाचे सार कास्तकारांनी पुढील क्रमाने ध्यानात ठेवावे. ओरखडे पाहून नेमके काय टेकते ते ठरवावे. चारही बाजूंची उंची मोजून गाडी खचली आहे का ते पाहावे. खचली असल्यास मूळ मापाचे पाटे, बुश व शॉक ॲब्सॉर्बर घालून एक पावसाळा काढावा. त्यानंतरही सांगाडाच टेकत असेल तर लेखी परवानगी विचारावी, आणि ती मिळाल्यास दोन इंचांच्या आत उंची देणारे लवचिक पाटे घ्यावेत. काम झाल्यावर गाडी प्रथम शेतवाटेवर रिकामी, मग भार घालून चालवावी. घाटात नेण्याची घाई करू नये.

दिवाळीनंतर वाटा वाळतात व गाडीस थोडी उसंत मिळते. मोजमापाच्या कामास तो काळ सर्वोत्तम होय. एक टेप, एक खडू आणि अर्धा दिवस एवढाच खर्च आहे. आणि त्या अर्ध्या दिवसात अनेकांस असे आढळून येईल की आपल्या गाडीस नव्या उंचीची गरजच नव्हती.